नेरेला कुणी आणलं

गेन्सविल, जॉर्जिया
१२ ऑक्टोबर २०११

नेरे,

आशीर्वाद वगैरे राग उतरल्यावर लिहीन. आधी सांग, तिथे तुला स्वेटर दिलाय का?

तुझ्या वकीलबाई मिस टॉलिव्हर म्हणाल्या की कोठडीत आलेलं प्रत्येक पत्र फोडून वाचतात. वाचू देत. जे कुणी साहेब वाचत असतील त्यांनाही कळू दे की या मुलीला थंडी अजिबात सोसत नाही आणि शिळ्या बीन्स खाल्ल्या की तिचं पोट बिघडतं. बावीस वर्षांची झाली तरी.

आठ महिने तुझा एक फोन नाही. आणि मग तुझी खुशाली कळली ती टीव्हीवरून. मी झग्याची तुरपाई करत होते. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ओतिलिया, ही आपली नेरे ना गं?" बघते तर अटलांटात विधानभवनासमोरच्या भर चौकात तू मांडी घालून बसलेली. शेजारी चौघं. सगळ्यांच्या अंगावर एकच शर्ट, 'कागद नाहीत, भीती नाही'. मागे गाड्यांचे भोंगे, पुढे पोलीस. आई टीव्हीला नाक लावून उभी राहिली. म्हणाली, "हातावर काय गोंदवून घेतलंय पोरीने?" मी सांगितलं, गोंदलेलं नाही, वकिलाचा नंबर आहे, मार्करने लिहिलेला. अटक झाली की फोन-पाकीट काढून घेतात, म्हणून आधीच लिहून जातात. आईने टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे ठरवून गेली."



ते चौघं संध्याकाळी सुटून आपापल्या घरी आले. तू नाही आलीस, कारण दोन वर्षांपूर्वी विनापरवाना गाडी चालवताना तुला पोलिसांनी धरलं होतं आणि तुझे ठसे त्यांच्याकडे होते. तुम्हा शहाण्यांच्या सभेत हा मुद्दा कुणालाच सुचला नाही? की सुचला, आणि तू म्हणालीस, बघू? मला वाटतं तू म्हणालीस, बघू. आता दोनशे मैल दक्षिणेला नेऊन टाकलंय तुला, पेकन अक्रोडांच्या बागांमध्ये. त्या चौघांच्या आया चर्चमध्ये आईची नजर चुकवतात.

भीती नाही म्हणे. अगं, तुझ्या वाट्याची भीती आम्ही दोघी इथे भोगतोय. दारावर टकटक झाली की आई बाथरूममध्ये जाऊन बसते. काल अंडी विकणारी बाई तीनदा येऊन परत गेली.

आणखी एक सांगते. तुम्ही बसलात त्याच्या दुसऱ्या दिवशी खासदारांच्या कचेरीतून आमच्या चर्चच्या समितीला फोन आला. पुढच्या महिन्याची भेट रद्द. 'सध्याचं वातावरण योग्य नाही.' नऊ वर्षं आम्ही त्या माणसाच्या कचेरीत कार्डं पाठवतोय, केक नेतोय, खुर्च्यांच्या कडेवर बसून आभार मानतोय. तुम्ही वीस मिनिटांत सगळी शिवण उसवलीत.

आता तू विचारशील, 'नऊ वर्षांत किती जणांना इथे राहायचे कागद मिळाले, ताई?' एकालाही नाही. माहीत आहे मला. पण कुणाला गमावलंही नव्हतं.

स्वेटरचं कळव.

ओतिलिया


गेन्सविल
२१ ऑक्टोबर

नेरे,

तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर. 'स्वेटर आहे. मी बरी आहे. माझ्या आधी यांच्यासाठी अर्ज करा', आणि खाली तुझ्या कोठडीतल्या अकरा बायकांची नावं, गावं, मुलांची वयं. आईची चौकशी एका शब्दाने नाही. आई ती यादी उलटीपालटी करून बघत होती, मागे काही लिहिलंय का म्हणून.

त्या अकराजणींचे अर्ज मी लिहिले. तुझ्यासाठी नाही, मला त्या एलव्हिराच्या जुळ्यांचं वाईट वाटलं म्हणून. मग तुझा लिहिला. मिस टॉलिव्हर म्हणाल्या, सुटकेच्या अर्जासोबत चांगल्या वर्तणुकीची पत्रं जोडा, लोकांच्या सह्या घ्या, लवकर. मी मशीनवरचं सगळं काम बाजूला सारलं. गुलाबी झग्यावाल्या बाईंनी तोंड वाकडं केलं, करू देत. शाळेतल्या दोन शिक्षकांनी पत्रं दिली. फादर कोनर यांनी तर तुझ्याबद्दल आणि आईबद्दल दोन पानं लिहिली. चारशे बारा सह्या झाल्या. सगळं सोमवारी अटलांटाच्या इमिग्रेशन कचेरीत गेलं.

हो, ते वाक्य मी घातलंय. विचारायच्या आधीच सांगते. 'तिचा काहीही दोष नसताना, अजाण वयात, आईवडिलांनी तिला या देशात आणलं.' हात आपोआप लिहून गेला. दोनशेवर मुलांचे अर्ज मी याच वाक्याने सुरू केले आहेत. खासदारांची ती सोनेरी केसांची सेक्रेटरी या वाक्यापाशी डोळे पुसते, मी स्वतः पाहिलंय. पुढचं कुणी वाचत नाही.

त्या दिवशीचं मीही विसरलेले नाही. तू सतरा वर्षांची. मी तुझ्या शाळेच्या पदवीच्या गाऊनची उंची दीड इंच कमी केली होती, टोपीला नवा गोंडा लावला होता. खासदारांच्या दिवाणखान्यात उभी राहून तू माझं लिहिलेलं भाषण म्हटलंस आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई मागे मक्याच्या तामालेंचं पातेलं घेऊन उभी होती. तिला इंग्रजी येत नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो. घरी येताना गाडीत तिने विचारलं, "ते 'दोष' म्हणालीस ना, मग तो कुणाचा?" तू त्यानंतर गाऊनला हात लावला नाहीस. आणि या फेब्रुवारीत माझ्या शिवणाच्या खोलीत उभी राहून म्हणालीस, "ताई, तू एका वाक्यात मला विकतेस, आईला त्यांच्या ताब्यात देतेस, आणि स्वतः तर त्यात बसतसुद्धा नाहीस." मी म्हणाले, चालती हो. तू झालीस.

बरोबरच बोललीस. सोळाच्या आत आलेल्यांनाच कागद देणारा कायदा मागतोय आपण. मी सतराची होते. मी 'अजाण' नाही. माझ्यासाठी कुणी गाऊन शिवत नाही.

तुमच्या गटातला तो उलिसेस काल आला होता. केस वाढवलेला, बूट चिखलाचे, दारात उभं राहून विचारतो, "ताई, आत येऊ की तुम्ही मलाही चालता हो म्हणणार?" आईने त्याला तीन वाट्या पोसोलेचं सूप वाढलं. त्याने फोनवर तुझं नवीन भाषण दाखवलं, अटकेच्या आधीचं. 'आमचे आईबाप गुन्हेगार नाहीत, शूर आहेत. माझ्या आईने मला कडेवर घेऊन वाळवंट ओलांडलं.' तो म्हणाला, "बघा काकू, तुमच्याबद्दल आहे." आई उठून भांडी घासायला गेली. तुझ्याकडे ते भाषण कौतुकाने ऐकणारी आई नाही असं समजू नकोस. ती का उठली ते विचारू नकोस, एवढंच.

माझ्या खांद्यावर कुत्रा चावल्याची खूण आहे ना, तिला तू लहानपणी टूथपेस्ट लावायचीस, 'औषध' म्हणून. हे मला आज का आठवलं कोण जाणे. टूथपेस्ट मिळते का तिथे?

ताई


गेन्सविल
३१ ऑक्टोबर

नेरे,

हे पत्र मिस टॉलिव्हर स्वतः आणून देतील. वकिलाचं पाकीट फोडत नाहीत म्हणे. तरी त्यांनी आधी वाचून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

नीट वाच. कचेरीने अर्ज बाद केलेला नाही, ही चांगली बातमी. पण त्यांनी विचारलंय, 'अर्जात म्हटल्याप्रमाणे मुलीला ज्या पालकांनी आणलं, त्यांचं शपथेवर निवेदन कुठे आहे?' आणि ते निवेदन नुसतं पाठवून चालणार नाही. ज्याने शपथ घेतली त्याने ते घेऊन स्वतः खिडकीशी यायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची. मंगळवार, आठ नोव्हेंबर, सकाळी दहा. कुणी आलं नाही तर अर्ज बंद आणि त्याच आठवड्यात तुला सीमेपर्यंत नेणाऱ्या बसमध्ये बसवणार.

म्हणजे माझ्या त्या वाक्याने हे दार उघडलं. आता त्या दारातून कुणीतरी आत जायचंय, आणि आत गेलेला माणूस बाहेर येईलच याची हमी कुणी देत नाही.

आई जाणार म्हणते. तिने निवेदनावर सहीसुद्धा केली. मिस टॉलिव्हर यांनी तिला तीनदा विचारलं, "सेन्योरा ओब्दुलिया, तुम्हाला काय होऊ शकतं हे समजलंय?" आई म्हणाली, "मला काय समजत नाही ते विचारा, लवकर होईल."

उलिसेसचं म्हणणं, गुपचूप जायचंच नाही. चाळीस माणसं, ढोल, दोन टीव्हीवाले. "ताई, जो उजेडात असतो त्याला ते हात लावत नाहीत. जो लपतो तो जातो. आम्ही चौदा जणांना असं सोडवलंय." मी म्हणाले, ज्यांना नाही सोडवता आलं त्यांची संख्या सांग. तो टेबलावरचे दोरे गुंडाळत बसला. मग म्हणाला, "तीन." मी म्हणाले, कॅमेरा बघून कधी साहेब घाबरतो, कधी चिडतो. आज कुठला साहेब खिडकीत आहे हे तुला कळतं? तो म्हणाला, "आणि तुमचा केक खाऊन कुठला साहेब वितळतो हे तुम्हाला नऊ वर्षांत कळलं का?" पोरगा आगाऊ आहे. पण जाताना त्याने आईची गळकी तोटी दुरुस्त करून दिली.

सध्या रोज दुपारी मी आईची तयारी करून घेते. कुठला महिना? मार्च. साल? शहाण्णव. कुठल्या गावातून निघालात? किती दिवस चाललात? मुलीच्या पायात काय होतं? इथे ती अडते. म्हणते, चपला. मी म्हणते, बूट, आई. निळे, दोन मापं मोठे, पुढे कागदाचे बोळे घातलेले. ती म्हणते, बरं, निळे बूट. दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला. वय झालं, विसरते. तू काळजी करू नकोस.

मला झोप कमी लागते आणि काल मी एका झग्याला दोन डाव्या बाह्या लावल्या. बाकी सगळं ठीक आहे.

ताई


गेन्सविल
४ नोव्हेंबर

नेरे,

मिस टॉलिव्हर यांच्या हाती तुझी चिठ्ठी मिळाली. 'आईला त्या दारात नेऊ नकोस. पाया पडते तुझ्या. मी बसमध्ये बसते.'

दोनदा वाचली. पहिल्यांदा, खरं सांगते, मला जरा बरं वाटलं. शर्टावर भीती नाही म्हणून छापून फिरणारी माझी बहीण, दुसऱ्यांच्या आयांनी पुढे यावं म्हणून सभा घेणारी, स्वतःच्या आईची पाळी आली तेव्हा पाया पडते. दुसऱ्यांदा वाचली आणि मी रडले. तुझं अक्षर वाकडं झालंय.

आई जाणार नाही. पण कारण तू म्हणतेस ते नाही.

काल मिस टॉलिव्हर आल्या. दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक आईचं निवेदन, 'मार्च १९९६ मध्ये मी माझ्या मुलीला घेऊन आले.' दुसरं फादर कोनर यांचं पत्र. त्यात फादरनी किती प्रेमाने लिहिलंय, 'ओब्दुलियाबाई १९९४ च्या ईस्टरपासून दर रविवारी आमच्या चर्चमध्ये वेदीची फुलं मांडत आल्या आहेत, एकही रविवार न चुकवता.' एकही रविवार न चुकवता, नेरे. मार्च शहाण्णव धरून. आणि ते पत्र मीच अर्जाला जोडलं, सगळ्यात वर, चांगलं आहे म्हणून. ते आधीच कचेरीत पोचलंय. मिस टॉलिव्हर म्हणाल्या, "यातला एक कागद खोटा आहे. कुठला, ते मला सांगू नका. खोटी शपथ खिडकीशी पकडली गेली तर आई गेली आणि मुलगीही गेली. सोमवारपर्यंत मला एकच कागद द्या, खरा." आणि उठून बाहेर गाडीत जाऊन बसल्या.

आता तुला सांगते. पंधरा वर्षं उशीर झालाय.

बाबा वारल्यावर आई एकटीच आधी इकडे आली, त्र्याण्णव साली. तुझं वय तीन. तू आजीकडे आणि माझ्याकडे. दोन वर्षांत तू आईला विसरलीस, फोनवर तिला 'ताई' म्हणायचीस आणि मला आई. मग आजी गेली. आईने निरोप पाठवला, दोघी या. मी सतराची होते, तू सहाची. वाळवंटातून नेणारा माणूस म्हणाला, पोरगी रडली तर सगळे पकडले जातील, तूच सांभाळ. चार दिवस आणि एक सकाळ. निळे बूट पहिल्याच दिवशी तुला चावले, मग मी तुला पाठीवर बांधलं, आजीच्या शालीने. एकदा गाडीचे दिवे आले आणि आम्ही झुडपात आडवे झालो. तू ओरडणार होतीस. मी तुझं तोंड माझ्या खांद्यात दाबलं. तू चावलीस. मी हलले नाही, तूही हलली नाहीस, गाडी गेली.

तो कुत्रा नव्हता, नेरे. तू होतीस.

तुला काहीच आठवत नाही हे इथे आल्यावर आठवडाभरात कळलं. तू आईच्या मांडीवर बसून सगळ्यांना सांगायचीस, 'आईने मला आणलं'. आईला ते गोड वाटलं, तिची ती वर्षं त्यात भरून निघाली. आणि त्याच उन्हाळ्यात चर्चमधल्या एकाला त्याच्या भाचीला आणलं म्हणून तुरुंगात टाकलं. त्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "आणलं मी. कुणीही विचारलं तरी. तू माझ्याबरोबर आलीस, बस." तेव्हापासून तेच. तुला सांगितलं असतं तर तू शाळेत सांगितलं असतंस, तू कधी काही पोटात ठेवलंयस?

मग मी दोनशे मुलांसाठी लिहिलं, आईवडिलांनी आणलं. मला ते वाक्य का आवडायचं हे आज कळतंय. त्यात मी नव्हते.

आईशी काल कडाक्याचं भांडण झालं.

"मीच जाणार," ती म्हणाली. "चपला नाही, बूट. निळे. पाठ झालंय आता."

"आई, फादरचं पत्र गेलंय तिथे."

"मग म्हणेन, त्या रविवारी फुलं शेजारणीने मांडली. फादर म्हातारे आहेत, विसरले असतील."

"फादरना खोटं पाडणार?"

"एक पोरगी आत आहे. दुसरी पण पाठवू? मला परत पाठवलं तर पाठवलं. इथे अठरा वर्षं कोंबड्या सोलल्या, हाताची बोटं वळत नाहीत आता. तुझं अजून काही झालेलं नाही, ओतिलिया. लग्न नाही, मूल नाही. तू घरात राहा आणि झगे शिव."

"मी घरातच राहिले, आई. पंधरा वर्षं."

तिने माझा खांदा चाचपला, कपड्यावरूनच. मग म्हणाली, तुझ्यासाठी भात लावते.

मिस टॉलिव्हर मला तीनदा म्हणाल्या, जाऊ नका. त्यांचं ते कामच आहे. सोमवारी त्यांना माझा कागद देणार आहे, आणि तुझ्यासाठी हे पत्र बंद पाकिटात. मला फार भीती वाटते. दर अर्ध्या तासाने मी दाराची कडी बघून येते, जसं काही ते इथेच येणार आहेत आणि मी चालत त्यांच्याकडे जाणार नाही.

तू बसमध्ये बसणार नाहीस. पाया पडायची गरज नाही.

ओतिलिया


अटलांटा, कचेरीचा बाक
मंगळवार, ८ नोव्हेंबर

नेरे,

मिस टॉलिव्हर यांच्याकडून कागद मागून घेतला. पिवळा आहे आणि पेन त्यांचं. बारा वाजता त्या तुझ्याकडे यायला निघतील, तेव्हा हे त्यांच्या हाती देईन.

सकाळी उलिसेस गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर आई, मांडीवर तामालेंचा डबा, कुणासाठी ते विचारलं नाही. मी गुलाबी झगा पुरा करून शेजारी देऊन आले, दोन्ही बाह्या बरोबर लावल्या. माझ्याकडे चांगला म्हणावा असा एकच ड्रेस आहे, गडद निळा, चर्चचा. समितीतल्या बायकांनी निरोप पाठवला होता, मोत्यांची माळ घाल, साध्यासुध्या बाईसारखी दिस. मी माळ घरीच ठेवली.

गाडी कोपऱ्यावर थांबली. उलिसेसने खिशातून मार्कर काढला.

"ताई, हात द्या."

"कशाला? वकीलबाई माझ्याबरोबर आत आहेत."

"नियम आहे. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा हात लिहायचा. हलवू नका, सात बिघडेल. तुमच्या बहिणीचं सात पण बिघडलं होतं, सारखी बडबड करत होती."

त्याने लिहिलं. शाई थंड लागते. आईने तो नंबर नीट वाचला, ओठ हलवत, आणि मग माझी बाही मनगटापर्यंत खाली ओढली. म्हणाली, "थंडी आहे."

ढोलावरून आमची तडजोड झालीये. ढोल नाहीत. माणसं समोरच्या फुटपाथवर उभी आहेत, चाळीस नाही, सव्वीस. त्यात आमच्या समितीच्या चार बायका आहेत, मोत्यांच्या माळा घालून. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. टीव्हीवाला एक आला होता, त्याने विचारलं, विद्यार्थिनी कुठे आहे? उलिसेस म्हणाला, विद्यार्थिनी कोठडीत आहे, आज शिंपीणबाई आहेत. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. तुझं खरं की माझं, अजून मला माहीत नाही, नेरे. उजेड सगळ्यांवर सारखा पडत नाही एवढंच आज पाहिलं. पण खिडकीतून ती सव्वीस माणसं दिसतायत आणि मी त्यांना पुन्हा पुन्हा मोजतेय, हेही खरं आहे.

दहा वाजून वीस मिनिटांनी माझं नाव पुकारलं. इथे, मोठ्याने, पूर्ण नाव, ओतिलिया काब्रेरा सालमेरोन. पंधरा वर्षांत कुठल्याही सरकारी खोलीत ते कुणी उच्चारलं नव्हतं. बाकावरच्या सगळ्यांनी मान वर केली.

काचेमागे माझ्याहून लहान मुलगा होता, नुकतीच दाढी केलेला. स्पॅनिश चांगलं बोलला. त्याने अर्ज उघडला, वर फादरचं पत्र, खाली माझा कागद. वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"अर्जात लिहिलंय, आईवडिलांनी आणलं."

"ते वाक्य मी लिहिलंय. चुकीचं आहे."

"आणि या कागदावर तुम्ही म्हणताय..."

"जे खरं आहे ते."

"तेव्हा तुमचं वय?"

"सतरा."

"आता तुमच्याकडे कागद?"

मिस टॉलिव्हर मध्ये बोलणार होत्या. मी म्हणाले, "नाही." केवढासा शब्द. आयुष्यभर तो टाळायला मी किती लांबलांबची वाक्यं लिहिली.

माझ्या कागदात 'दोष' हा शब्द कुठेच नाही, हे तुला सांगायचं राहिलं. मिस टॉलिव्हर म्हणाल्या होत्या, घाला, 'माझ्या चुकीबद्दल मी दिलगीर आहे', एवढं एक वाक्य. त्यांना ते आवडतं. मी नाही घातलं. तुझे बूट लिहिले, शाल लिहिली, चार दिवस आणि एक सकाळ लिहिली, तू चावलीस तेही लिहिलं.

त्या मुलाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तिला तुम्ही आणलंत."

"हो. मी आणलं. आज न्यायला आलेय."

त्याने अर्ज मिटला. मग कागद घेऊन आत कुणाला तरी दाखवायला गेला. बाजूचं लोखंडी दार उघडलं आणि बंद झालं. परत आला तेव्हा त्याच्या हातात कागद नव्हता. मी विचारलं, काय ठरलं? तो म्हणाला, वरिष्ठांशी बोलतायत. तुझ्याबद्दल आणि माझ्याबद्दलही. किती वेळ लागेल? सांगता येत नाही. मिस टॉलिव्हर माझ्या कानात म्हणाल्या, अजून आपण बाहेर जाऊ शकतो, निकाल फोनवर कळेल, चला. मी त्या मुलाला विचारलं, "माझी बहीण सुटल्याचं कळेपर्यंत मी इथे थांबले तर चालेल?"

त्याने खांदे उडवले. बाकाकडे बोट केलं आणि म्हणाला, "बसा."

बसलेय, नेरे. मांडी घालून.

ताई